एक काना इकडचा तिकडे

घरात भांडण पेटायला मोठे कारण लागत नाही. 'आज तरी भाजी चांगली झाली' यातला एक 'तरी' पुरतो. शब्द कोणता निवडला आणि तो कुठे ठेवला, यावर माणसे जोडली जातात, दुखावली जातात, आणि कधी कधी गुन्हेगार सुटूनही जातात.

1988 सालची गोष्ट. माझी पहिली मुलगी माहेरी, सोलापूरला झाली. बारसे सव्वा महिन्यानंतर करायचे ठरले आणि वडिलांनी इंदूरला माझ्या सासरी आमंत्रण पाठवले. आठ-दहा दिवसांनी सासऱ्यांचे पोस्टकार्ड आले. ख्यालीखुशाली, बाळाला आशीर्वाद, आणि शेवटी एक ओळ: 'आम्ही सगळे बारशाला येऊ शकणार नाही.'

वडिलांनी कार्ड दोनदा वाचले आणि काही न बोलता आईच्या हातात दिले. आईने ते वाचून पदराने डोळे पुसले. "मुलगी झाली म्हणून," एवढेच ती म्हणाली. मी पाळण्याशेजारीच बसले होते.

वडील कापड गिरणीत कारकून होते. व्याह्यांच्या मानपानासाठी त्यांनी उसने पैसे घेऊन ठेवले होते, ते परत केले. आचाऱ्याला नको म्हणून सांगितले. घरातल्या घरात, शेजारच्या चार बायका बोलावून बारसे उरकायचे ठरले. बारशाच्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. सासूबाई, दोन नणंदा आणि धाकटे दीर खाली उतरले. पुण्याहून रात्रीच्या गाडीने ते पहाटेच सोलापूरला पोहोचले होते आणि कोणी न्यायला येईल म्हणून तासभर स्टेशनवर बसून होते. सासूबाईंच्या पिशवीत स्वतः शिवलेली सहा दुपटी आणि चांदीचे वाळे होते.

"पत्र मिळालं नाही का?" त्यांनी विचारले.

"मिळालं ना," आई गडबडून म्हणाली, "तुम्ही कोणी येणार नाही असं..."

"अहो, सगळे येऊ शकणार नाही असं लिहिलं होतं यांनी. नऊ माणसं कशी येणार? चौघं आलो."

त्या दिवशी घाईघाईने शिरा, पुरी आणि बटाट्याची भाजी झाली. साड्या मात्र दुकान उघडल्यावर आणाव्या लागल्या. पुढे कितीतरी वर्षे सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात 'आम्हाला स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नव्हतं' हे वाक्य निघायचेच. माझ्या मनात दुसरेच वाक्य राहिले, आईचे. मुलगी झाली म्हणून ते येत नाहीत, असे माझ्या घरच्यांनी धरून चालावे आणि मलाही ते खरे वाटावे, याचे मला आजही वाईट वाटते.

दोष कोणाचा?

सासऱ्यांनी लिहिलेले वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. वडिलांनी लावलेला अर्थही व्याकरणाने शुद्धच होता. मराठीत 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येऊन बसते. ते नेमके कशाला नाही म्हणते आहे, 'येण्याला' की 'सगळ्यांना', हे त्या जागेवरून कळत नाही. सासऱ्यांनी हेच वाक्य तोंडाने म्हटले असते, तर 'सगळे' या शब्दावर आपोआप जोर आला असता आणि कोणाचा गैरसमज झाला नसता. पोस्टकार्डावर आवाज उमटत नाही.

'सगळेच' लिहिले असते तर? थोडी मदत झाली असती, पण पुरती नाही. 'आम्ही सगळेच येऊ शकणार नाही' हेही दोन्ही बाजूंनी वाचता येते. 'कोणीच येऊ शकणार नाही' यात शंका उरत नाही, आणि 'चौघे येतो' यात तर मुळीच नाही. आकडा लिहिणे रुक्ष वाटते खरे, पण पानावर किती पाने मांडायची हे आकड्यावरूनच ठरते.

उंदीर आणि मांजर

शाळेत आपल्याला शिकवतात की मराठी वाक्यात आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. घरात मात्र असे शिस्तीत कोणी बोलत नाही. 'रामाने रावणाला मारले' हे वाक्य 'रावणाला रामाने मारले' किंवा 'मारले रामाने रावणाला' असे कसेही फिरवा, मरतो रावणच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय त्या दोघांना चिकटलेले आहेत. शब्द कुठेही गेला तरी आपली ओळख बरोबर घेऊन जातो. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे कुत्रा आणि माणूस या दोन शब्दांची अदलाबदल केली की चावणारा बदलतो.

प्रत्यय नसतानाही मराठी बरेचदा सांभाळून घेते. 'मांजर उंदीर खाते' हे उलटवून 'उंदीर मांजर खाते' म्हटले तरी खाणारे मांजरच राहते, कारण 'खाते' हे नपुंसकलिंगी रूप मांजराशी जुळते. उंदराने खाल्ले असते तर 'खातो' म्हणावे लागले असते. ज्या लिंगांच्या गोंधळाला मराठी शिकणारे परप्रांतीय वैतागतात, ती अशी पहारा करत असतात.

मग शब्द फिरवल्याने काहीच बदलत नाही का? घडले काय, ते बदलत नाही. रोख बदलतो. नवरा ऑफिसला जाताना डबा विसरला. संध्याकाळी बायको म्हणते, "तू आज डबा विसरलास." ही साधी बातमी झाली. "आज डबा तू विसरलास," असे म्हटले तर त्यात कालच्या, परवाच्या सगळ्या हिशेबाचा वास येतो. डबा भरायला मी विसरले होते तेव्हा केवढे बोलला होतास, आज तू विसरलास. "विसरलास ना डबा!" असे क्रियापद पुढे आले की तीन मिनिटांत दोघांपैकी एक जण गॅलरीत जाऊन उभा राहतो. मराठीत क्रियापदाच्या लगेच अलीकडची जागा ही मानाची जागा आहे. जो शब्द तिथे बसतो, त्याच्यावर दिवा पडतो.

याच्या जोडीला आपल्याकडे 'च', 'ही', 'तर', 'तरी' अशी चिमुकली अव्यये आहेत. मीठ किती घातले हे खाल्ल्यावर कळते, तसेच यांचेही आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाई जेवताना म्हणाल्या, "आज तरी भाजी चांगली झाली आहे." त्यांच्या मते ते कौतुक होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. 'आज भाजी चांगली झाली आहे', 'आजही भाजी चांगली झाली आहे', 'आज भाजी चांगलीच झाली आहे', 'आज भाजीही चांगली झाली आहे': चार वाक्ये, भाजी एकच. पहिल्यात आजचे कौतुक आहे, दुसऱ्यात रोजचे. तिसऱ्यात मनापासूनची दाद आहे, आणि चौथ्यात बाकीचे पदार्थही पास झाले आहेत. पुढे मुली मोठ्या झाल्यावर मीही त्यांना "आज तरी अभ्यास केलास," असे म्हणू लागले, हे कबूल केले पाहिजे.

'पण'च्या पुढचे आणि मागचे

लग्न जमवताना 'पण' या शब्दाने जेवढे काम केले आहे, तेवढे पत्रिकेतल्या मंगळानेही केले नसेल. 'मुलगी हुशार आहे पण सावळी आहे' आणि 'मुलगी सावळी आहे पण हुशार आहे' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, माहितीही तीच आहे. पहिले वाक्य नकाराची तयारी करते, दुसरे होकाराची. 'पण'च्या पुढे जे येते ते ऐकणाऱ्याच्या मनात राहते, मागचे पुसले जाते. (सावळ्या रंगापुढे 'पण' लावावासा वाटतो, हा भाषेचा दोष नाही, तो आपला आहे. 'आणि' लावून बघा: 'मुलगी सावळी आहे आणि हुशार आहे.' कान लगेच अडखळतो.)

मुलांच्या बाबतीत हे फार जपायला हवे. "गणितात चांगले गुण आहेत पण अक्षर खराब आहे" असे ऐकणारे मूल खराब अक्षर घेऊन झोपायला जाते. तेच उलटे सांगितले तर ते गणित घेऊन झोपते. बोलायला लागणारा वेळ सारखाच.

पाटीवर काय लिहिले आहे?

नामाच्या मागे विशेषणे लावताना तर घरोघरी आणि दुकानोदुकानी गंमत चालते. 'जुन्या साड्यांचे दुकान' म्हटले की साड्या जुन्या, 'जुने साड्यांचे दुकान' म्हटले की दुकान जुने. 'जुना' या विशेषणाचे रूप पुढच्या शब्दाप्रमाणे बदलते म्हणून इथे घोटाळा होत नाही. पण 'लहान', 'सुंदर', 'शुद्ध' अशा विशेषणांचे रूप बदलत नाही. 'लहान मुलांचे डॉक्टर' वाचताना आपण डॉक्टरांच्या उंचीचा विचार करत नाही, तो अनुभवामुळे, व्याकरणामुळे नव्हे.

महाराष्ट्रातल्या गावोगावी दिसणारी 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी आठवा. यात सरकारला मान्य काय आहे? परवाना दुकानाला असतो. पण शब्दांच्या क्रमामुळे 'सरकारमान्य' हे विशेषण दारूला जाऊन चिकटते आणि पिणाऱ्याला मोठाच आधार मिळतो. 'देशी दारूचे सरकारमान्य दुकान' असे लिहिले तर अर्थ चोख होईल. निदान सरकारने मान्य केलेलीच पितो, असे बायकोला सांगता येणार नाही.

आमचे घर, आपले घर

शब्दाच्या जागेइतकीच त्याची निवडही बोलते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसे, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे मी आणि ऐकणाराही. गुजरातीत हा फरक आहे, हिंदीत आणि इंग्रजीत नाही. 'हम जा रहे हैं' यात ऐकणाऱ्याला बरोबर घेतले आहे की घरी ठेवले आहे, हे शब्दावरून कळत नाही. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांत हा भेद जुना आहे आणि त्यांच्या शेजारामुळे तो मराठीत आला किंवा टिकला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत, पण भोवती हिंदी. माझ्या मुली लहानपणी बिनधास्त विचारायच्या, "आई, आम्ही जाऊया का बागेत?" मी म्हणायची, "म्हणजे मला नेणार नाही का?" त्यांना माझे म्हणणे कळायलाच वेळ लागायचा.

सुनेला मात्र हा फरक पहिल्या दिवशी कळतो. "आमच्या घरी असं चालत नाही" हे वाक्य ऐकले नाही अशी सून विरळा. बोलणाऱ्याला वाटते की आपण घरची रीत सांगतो आहोत. ऐकणारीला मात्र दाराबाहेर उभे केल्यासारखे वाटते. 'आपल्याकडे असं करतात' या शब्दांत तीच रीत, तेवढ्याच कडकपणे सांगता येते. माझ्या सासूबाईंच्या तोंडून मी 'आपल्याकडे' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या फराळाच्या वेळी, आणि तो दिवस मला चकलीच्या वासासकट आठवतो. त्यांनी तो मुद्दाम वापरला होता की चुकून निघाला, हे मी कधी विचारले नाही.

अशुभ शब्द टाळायचीही आपल्याला सवय आहे. घरातून निघताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. ज्यांना यात अंधश्रद्धा दिसते त्यांचे चूक नाही. पण 'येते' म्हणणाऱ्या मुलीकडे बघत दारात उभ्या राहिलेल्या आईला त्या शब्दाचा आधार वाटतो, हेही खोटे नाही. खरे नुकसान करतात ते वेगळे शब्द.

कप फुटला की फोडला?

मुलाच्या हातून कप पडला. आईने विचारले, "काय झालं?" उत्तर येते, "कप फुटला." जणू कपाच्याच मनात आले आणि तो फुटला. थोडा प्रामाणिक मुलगा म्हणेल, "माझ्या हातून कप फुटला." म्हणजे हात माझा, इच्छा माझी नाही. "मी कप फोडला" असे म्हणणारा मुलगा एक तर फार सरळ असतो किंवा फार रागावलेला. मराठी क्रियापदांच्या अशा जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी करते. कर्ता लपवायचा असेल तर पहिले रूप वापरले की झाले, खोटे बोलावेच लागत नाही.

'ध'चा 'मा' ही म्हण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमात 'धरावे' होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोषी ठरवले ते राघोबादादांना. पण म्हणीत अडकल्या आनंदीबाई. मुळात पुतण्याला धरायचा हुकूम कोणाचा होता, हे त्या म्हणीत कुठेच येत नाही.

एक अक्षर बदलल्याची ही गोष्ट झाली. आपल्या काळात अक्षरही बदलावे लागत नाही, काना सरकवला तरी पुरतो. 'जळाली' आणि 'जाळली' हे शब्द कागदावर लिहून बघा. अक्षरे तीच, त्यांचा क्रमही तोच. एकात काना 'ळ'ला आहे, दुसऱ्यात 'ज'ला. 'सून जळाली' म्हणजे अपघात. 'सून जाळली' म्हणजे खून.

एके काळी वर्तमानपत्रात आठवड्याला एखादी तरी बातमी असायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता जळाली. त्या वाक्यात सगळे काम स्टोव्ह करतो. घरात दुसरे कोणी होते की नाही, दार आतून बंद होते की बाहेरून, भडका नेमका नव्या सुनेच्याच पदराला का लागतो, हे विचारायला वाक्यात जागाच नसते. पोलीस दप्तरात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते आणि 'अकस्मात' हा शब्द तपासाच्या आधीच निकाल देऊन टाकतो. अशा मृत्यूंकडे संशयाने बघायला कायद्याला वेळ लागला. नवरा आणि सासरच्यांकडून होणारा छळ 1983 मध्ये भारतीय दंड संहितेच्या 498 अ कलमाने स्वतंत्र गुन्हा ठरला. 1986 मध्ये 304 ब आले. लग्नापासून 7 वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून, इजा होऊन किंवा अनैसर्गिक रीतीने मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडे आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर तो हुंडाबळी मानायचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद 80 व्या कलमात आहे आणि छळाची 85 व्या कलमात.

यातही शब्दाने भांडण लावलेच. 'मृत्यूच्या थोडे आधी' म्हणजे किती आधी? आदल्या दिवशी? आदल्या महिन्यात? आरोपींच्या बाजूने वर्षानुवर्षे असा युक्तिवाद व्हायचा की छळ अगदी मरणाच्या तोंडावर झालेला हवा. 2021 मध्ये सतबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की 'थोडे आधी' याचा अर्थ 'लगेच आधी' असा घ्यायचा नाही. छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत धागा असला पाहिजे, दिवस मोजायचे नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती मृत्युपूर्व जबाबाची. भाजलेली बाई इस्पितळात पडलेली, बोलताना धाप लागते आहे आणि समोर कोणीतरी लिहून घेतो आहे. ती तिच्या बोलीत म्हणते, "मला पेटवलं." लिहिणारा सुधारून लिहितो, 'मी पेटले.' एक 'व' गेला आणि कर्ता पसार झाला. किंवा ती सांगते, "आधी त्यानं दार लावलं, मग राकेल ओतलं," आणि कागदावर उतरते, 'दार बंद होते व राकेल सांडले होते.' लिहिणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे असेलच असे नाही. सरकारी मराठीची सवयच अशी आहे की तिच्यात कोणी काही करत नाही, सगळे होत असते.

म्हणूनच नागपूरच्या एका खून खटल्यात, खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये जे सांगितले ते फार मोलाचे आहे. दंडाधिकाऱ्याने रीतसर, प्रश्न आणि उत्तर अशा रूपात आणि शक्य तितका मरणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवलेला जबाब हा अधिक विश्वासाचा. स्वतःच्या शब्दांत! म्हणजे व्याकरण सुधारायचे नाही, क्रम लावायचा नाही, 'राकेल'चे 'ज्वालाग्राही पदार्थ' करायचे नाही. आपल्यापैकी कोणावर कधी अशी वेळ आलीच, शेजारच्या घरासाठी का होईना, तर इस्पितळात हे आग्रहाने सांगता आले पाहिजे: ती म्हणते तसेच लिहा, आणि लिहिलेले तिला वाचून दाखवा.

न्यायालयांची स्वतःची भाषाही यातून सुटलेली नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या ठोकळेबाज शब्दांची एक पुस्तिका काढली आणि न्यायाधीश व वकिलांना पर्यायी शब्द सुचवले. रस्त्यावर मुलींना त्रास देण्याला 'छेड' असा खेळकर शब्द वापरू नये, तो लैंगिक त्रास आहे असे सरळ म्हणावे, हा त्यातलाच एक मुद्दा. मराठीत आपण 'विनयभंग' म्हणतो. गुन्हा करतो पुरुष आणि भंगतो बाईचा विनय. या शब्दाला चांगला पर्याय मराठीत अजून रुळलेला नाही.

कोणाचे नाव कुठे?

आता लग्नपत्रिका घ्या. 'श्री. व सौ.' हा क्रम इतका पाठ झाला आहे की 'सौ. व श्री.' दिसले तर छापखान्याची चूक वाटते. मुलीचा बाप वारला असेल आणि आईने एकटीने तिला वाढवून लग्न लावले असेल, तरी निमंत्रक म्हणून काकांचे नाव वर आणि आईचे खाली 'गं. भा.' लावून, किंवा नाहीच. बाईच्या नावाआधीची 'कु.', 'सौ.', 'गं. भा.' ही अक्षरे तिच्याबद्दल काही सांगत नाहीत. नवरा अजून यायचा आहे, आहे, की गेला, एवढेच सांगतात. पुरुषाच्या नावापुढे 'श्री.' जन्मभर टिकतो. एप्रिल 2023 मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा विचार व्हावा, असे तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांचे पत्र बाहेर आले, तेव्हा राज्यभर टीका झाली आणि असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. शब्द आदराचा होता, हे खरे. पण सत्तर वर्षांच्या माझ्या एका मावशीने बातमी ऐकून विचारले, "आणि विधुरांना काय म्हणणार?"

त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने शब्दक्रमाविषयीच एक निर्णय घेतला. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. आईचे नाव आधीही कागदावर असायचेच, पण खालच्या वेगळ्या रकान्यात. आता ते नावाच्या आत आले आणि वडिलांच्या आधी आले. काही घरांत यावरून कुरकुर झाली. एवढे लांब नाव कोण लिहिणार, असे म्हणणारे बहुतेक वेळा पुरुष असतात, हा माझा आपला अनुभव.

1988 साली जिच्या बारशाला शिरा-पुरी करावी लागली, त्या माझ्या मुलीला 2024 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मुलगी झाली. जन्मदाखला हातात आला तेव्हा तिने आपले नाव दुसऱ्या जागी वाचले, मग पुन्हा वाचले, आणि दाखला नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली, "बघ, माझ्यानंतर तू." तो हसला. त्याच्या आईने मात्र दाखला चष्मा लावून नीट वाचला आणि कपाटात ठेवून दिला.

बारशाच्या आठ दिवस आधी माझ्या फोनवर नागपूरच्या विहीणबाईंचा निरोप आला. वाचता वाचता मी खुर्चीत बसले. 'सर्वांना नमस्कार. प्रकृती ठीक. आम्ही सगळे बारशाला येऊ शकणार नाही.'

मी लगेच फोन लावला. "विहीणबाई," मी म्हटले, "किती पानं मांडू?"

"अकरा," त्या म्हणाल्या. "का हो?"